टेंगळ्यानं शहर वर आणलं

माझा भाऊ महापौर होता असं सांगितलं, की लोक आधी माझ्या अंगावरच्या पिठाकडे बघतात आणि मग विचारतात, "सख्खा?" सख्खाच. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला मी वाढवला, याच गिरणीत, पोत्यांच्या आडोशाला. चालायला लागल्यावर रोज कुठेतरी आपटून यायचा. कपाळावर एक टेंगूळ बसत नाही तोवर दुसरं उभं. म्हणून घरात त्याचं नाव टेंगळ्या पडलं. पुढे शहरानं त्याला साहेब केलं, वर्तमानपत्रांनी विकासपुरुष केलं, पण माझ्या तोंडी टेंगळ्याच राहिला, आणि ते त्याला चारचौघांत आवडायचं नाही.

मोठा झाला तरी कामाच्या नावानं शून्य. गिरणीत उभा केला तर एकाचे गहू दुसऱ्याच्या डब्यात जायचे. शेवटी मी त्याला दारात उभं राहून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम दिलं, कारण तेवढं एकच त्याला जमत होतं.

तेव्हा गिरणी रस्त्यापासून उंचावर होती. पायऱ्या चढून यावं लागायचं. समोरून गाड्या सुसाट जायच्या. एकदा एका स्कूटरवाल्यानं शेजारच्या औषधवाल्याच्या बायकोला धक्का दिला आणि तिचं नुकतं दळलेलं पीठ रस्त्यावर सांडलं. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण पिठाकडे बघून ती अशी रडली की टेंगळ्याचं काळीज हललं. तेव्हा तो मनानं वाईट नव्हता, हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन. कोपऱ्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. तिथलं उरलेलं डांबर त्यानं हातगाडीवरून आणलं आणि गिरणीसमोर रस्त्यात आडवा उंचवटा घातला.

दुसऱ्या दिवसापासून सगळी वाहतूक आमच्या दारात येऊन हळू व्हायला लागली. हळू झालेला माणूस इकडेतिकडे बघतो. बघितलं की त्याला गिरणी दिसायची आणि घरातलं पीठ संपल्याची आठवण व्हायची. माझा धंदा वाढला. लोक त्या उंचवट्याला टेंगळ्याचं टेंगूळ म्हणायला लागले.

मग औषधवाला आला, तोंड पाडून. "लोक तुमच्या दारात हळू होतात आणि माझ्या दारात वेग घेतात. मलाही एक टेंगूळ पाहिजे."

टेंगळ्यानं त्याला घालून दिलं. मग न्हाव्यानं मागितलं, मग घड्याळवाल्यानं. तेव्हा महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि टेंगळ्याला या सगळ्यातून एक शोध लागला. उंचवट्यावरून जाणारा माणूस मान डोलावतो. त्याची इच्छा असो वा नसो, चाक चढलं की मान मागे आणि उतरलं की पुढे. बाकीचे उमेदवार घसा फोडून भाषणं करत होते तेव्हा हा टेंगळाशेजारी उभा राहायचा आणि गाडी चढतेय तोच विचारायचा, "मत मलाच ना?" अख्खं शहर दिवसभर होकार देत होतं. आणि माणसाचं असं असतं, चारचौघांत मान हलवली की ती शब्द दिल्यासारखी वाटते. एक निवृत्त मास्तर दळण घ्यायला आले तेव्हा फार दुःखी होते. म्हणाले, "याला मत द्यायचं माझ्या अजिबात मनात नव्हतं हो. पण रोज जाता-येता हो म्हणून बसलोय."

टेंगळ्या निवडून आला. आल्या आल्या त्यानं लग्न केलं, आणि बायकोबरोबर मेहुणा आला. हा मेहुणा मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यांपैकी होता, पण बोलायला असा की लोणी मढ्यानंच वाढलं असं वाटावं. टेंगळं घालायचं कंत्राट त्याला मिळालं. ज्याला टेंगूळ हवं तो पैसे द्यायचा. ज्याला नको तो शेजाऱ्याचं टेंगूळ ठेंगणं ठेवण्यासाठी द्यायचा. शेजारी मग ते पुन्हा उंच करण्यासाठी द्यायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण आमच्याच धंद्यातली, पण माझ्या गिरणीत मी निदान डोळे उघडे ठेवून दळत होते.

उंचीवरून माणसाची किंमत ठरायला लागली. स्थळ बघायला गेलेले लोक मुलाचा पगार विचारायच्या आधी दारातलं टेंगूळ बघून यायचे. दातांच्या डॉक्टरनं स्वतःसमोरचं टेंगूळ इतकं उंच करून घेतलं की त्यावरून जाणाऱ्यांचे दात आपटायचे, आणि त्याच्याकडे रांग लागायची. त्याच्या समोरच हाडांचा डॉक्टर होता. तो कसा मागे राहील?

असं होता होता टेंगळांमध्ये जागाच उरली नाही. एकाला एक चिकटलं, मधल्या फटी मेहुण्यानं बुजवल्या, त्याचे वेगळे पैसे घेतले आणि रस्ता पुन्हा सपाट झाला. फरक एवढाच की आमची खालची पायरी त्याच्या पोटात गेली. सपाट रस्त्यावरून गाड्या पुन्हा सुसाट जायला लागल्या. औषधवाला पुन्हा तोंड पाडून हजर. मग त्या रस्त्यावर नवीन टेंगळं आली, तीही एकमेकांना भिडली, तीही बुजवली. माझी पुढची पायरी गेली. माणसानं आपली पायरी ओळखून राहावं म्हणतात. मला माझी ओळखायला आता कुदळ लागली असती.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बरं होतं. त्यांना वरचे मजले होते. औषधवाल्यानं खालचं दुकान वर नेलं, वरच्या खिडकीचं दार केलं, आणि दुकान "पहिल्या मजल्यावरून थेट रस्त्यावर आलं" म्हणून बक्कळ जाहिरात केली. माझी गिरणी एकमजली. यंत्राचे पट्टे लांब आणि भुसा उडतो म्हणून छत तेवढं उंच आणि खिडक्या छताजवळ. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. रस्ता उंबऱ्याच्या वर आला त्या दिवशी ते अर्धं उघडलं, पुढच्या थराला उघडलंच नाही. मी वरच्या खिडकीचे गज काढून घेतले आणि आतून शिडी लावली. गिऱ्हाइकं रस्त्यावर वाकून डबा दोरीनं खाली सोडायची, मी दळून वर पाठवायचे. भांडण झालं, धंदा बुडाला की माणूस रस्त्यावर आला म्हणतात ना? आमच्याकडे रस्त्यावर यायचं म्हणजे शिडी चढून यावं लागायचं. जो रस्त्यावर आला त्याचं लोक कौतुक करायचे.

याच काळात टेंगळ्या महापौर झाला. त्याचं भाषण मी खिडकीतून ऐकलं, कारण सभा आमच्याच रस्त्यावर होती आणि कर्ण्याचं तोंड माझ्या खिडकीकडे होतं. "आधीच्यांनी फक्त आश्वासनं दिली!" तो ओरडत होता. "मी या शहराला वर आणलं!" खोटं कसं म्हणणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यावर डांबराचा चुरा पडत होता.

महापौरांच्या बंगल्यात राहायला गेल्यावर त्याचं येणं थांबलं. कामं असतील, असं मी स्वतःला समजावायचे. दर वेळी समजूत पटायची असं नाही.

मग मेहुण्याच्या डोक्यातून तळघराचा नियम निघाला. रस्त्यावरून ज्या खोलीत उतरून जावं लागतं ती खोली तळघर, असं सभागृहानं ठरवलं. तळघराला कर. तळघरात यंत्र चालवायला बंदी. तळघरात माणसानं राहायला तर पूर्णच बंदी, कारण हवा खेळती नसते. ज्यांनी रस्ता चढवला त्यांनीच खाली राहिलेल्यांकडून दंड घ्यायचा, ही युक्ती दुसऱ्या कोणाला सुचणार नाही. सगळ्यांनी हात वर करून मंजूर केलं. काही दिवसांनी खिडकीतून एक कागद तरंगत खाली आला. गिरणी बंद करा आणि जागा सोडा.

मी अंगावरचं पीठ झटकलं आणि तडक महापालिकेत गेले. टेंगळ्याच्या खोलीत गालिचा एवढा मऊ की मला वाटलं पोत्यावर उभी आहे. तो मोठ्या टेबलामागे बसला होता, शेजारी मेहुणा.

"टेंगळ्या, मला काही नको," मी म्हटलं. "माझ्या दारासमोरचा तेवढा रस्ता खणून दे. दार उघडलं पाहिजे, बास."

तो मेहुण्याकडे बघायला लागला. मेहुणा मधाळ आवाजात म्हणाला, "ताई, रस्ता एके ठिकाणी खाली घेतला की त्याला खड्डा म्हणतात. साहेबांनी खड्डेमुक्त शहराचा शब्द दिलाय."

"मी तुझ्याशी बोलत नाही. माझ्या भावाशी बोलतेय."

"ताई, तू समजून घे," टेंगळ्या म्हणाला. "आज तुझ्यासाठी नियम मोडला तर लोक काय म्हणतील? घरचं झालं म्हणतील."

"अरे, मेहुण्याचं पोट भरताना घरचं होत नाही का?"

"ताई, आवाज हळू कर ना. बघतो मी. करतो काहीतरी."

तेच ते दळण. मी परत आले आणि गिरणी चालूच ठेवली. येतील तेव्हा येतील, म्हटलं. गिरणी गेली तर माझ्याकडे दुसरं काय होतं? दळण्यापलीकडे मला काही येत नाही आणि या वयात शिकायची इच्छाही नाही.

पण गव्हाबरोबर किडेही रगडले जातात. या वेळी किडा मोठा निघाला. उपमहापौर हा गप्प बसून वाट बघणारा माणूस होता. त्यानं एक दिवस भर सभागृहात उठून साधा प्रश्न विचारला, "महापौर राहतात कुठे?"

सगळे हसले. साहेबांची घरं तर जिकडेतिकडे होती. तलावाकाठचं घर होतं, टेकडीवरचं होतं, आणखी कुठली कुठली होती. पण खाल्लेला पैसा दिसू नये म्हणून एक घर मेहुण्याच्या नावावर, एक बायकोच्या, एक सासूच्या, एक तर सासूच्या मैत्रिणीच्या. बंगला महापालिकेचा. टेंगळ्याच्या स्वतःच्या नावापुढे राहण्याचा म्हणून अख्ख्या शहरात एकच पत्ता होता, माझी गिरणी. आणि नियमाप्रमाणे शहरात राहत नसेल त्याला महापौर होता येत नाही. तळघरात कोणी राहू शकत नाही, हा नियम त्याचाच. म्हणजे जर गिरणी तळघर असेल, तर माझा भाऊ या शहरात राहतच नव्हता. सभागृहात पहिल्यांदा कोणी हसलं नाही, म्हणे.

चौकशी लागली. मेहुणा त्याच संध्याकाळी शिडीवरून खाली आला आणि पोत्यावर रुमाल टाकून बसला. "ताई, आता आपलं सगळ्यांचं भलं एकाच गोष्टीत आहे. चौकशी अधिकारी विचारतील, हे तळघर आहे का? तुम्ही नाही म्हणायचं. इथं राहणाऱ्याचा शब्द शेवटचा. साहेबांचं पद वाचेल, तुमची गिरणी वाचेल. नंतर साहेब तुमच्या दारातला रस्ता खणून देतील."

"शिडीनं आलास ना तू? मग हे तळघर नाही कसं?"

"ताई, सत्य वेगळं आणि कामकाज वेगळं."

"त्याला पाठव," मी म्हटलं. "त्यानं स्वतः येऊन मला सांगावं. मग मी काय वाटेल ते बोलेन."

मला खरंच तेवढंच हवं होतं. त्यानं यावं, पोत्यावर बसावं, ताई, वाचव म्हणावं. नियम गेला चुलीत, मी सूर्याला चंद्र म्हटलं असतं. आणि यात माझंही भलंच होतं, गिरणी वाचणार होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मला ते मान्य आहे.

चौकशीच्या दिवशी सकाळपासून मी वाट बघत होते. अधिकारी आले. जाडजूड गृहस्थ, शिडी करकरत होती. खाली उतरल्यावर पिठानं त्यांना शिंका सुरू झाल्या.

"तुम्ही स्वतः उतरून आलात, साहेब," मी म्हटलं. "आणखी काय विचारायचं राहिलं?"

"मी चौकशीसाठी उतरलो," ते शिंकत म्हणाले. "ते सरकारी उतरणं झालं. ते पुरावा म्हणून धरत नाहीत. महापौर कुठे आहेत?"

"इथंच आहे!" वरून आवाज आला.

मी मान वर केली. खिडकीत दोन काळे चकाकते बूट दिसत होते. रस्ता माझ्या डोक्याच्या वर, आणि रस्त्यावर ते बूट.

"टेंगळ्या, खाली ये," मी हाक मारली.

"ताई, नको ना." आवाज दबका होता. "वकील म्हणतात, मी शिडी उतरलो तर मीच तळघर मान्य केल्यासारखं होईल. तू तेवढं बोल आणि मोकळी हो."

"एकदा ये. दोन शब्द बोल. मग जा."

"ताई, लोक बघतायत."

बूट जरा सरकले, पण मागे. मी त्या बुटांकडे बघत राहिले. रांगत होता तेव्हा याच जमिनीवरून पीठ चाटत फिरायचा, आणि आज या जमिनीला त्याचा पाय लागला असता तर पद जाणार होतं. मला त्याचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मला फार एकटं वाटलं.

"बोला बाई," अधिकारी म्हणाले. "ही जागा तळघर आहे का?"

"हो," मी म्हटलं. "तळघर आहे. इथं उतरल्याशिवाय येता येत नाही."

वर बूट क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग दिसेनासे झाले.

पुढचं सगळं भराभरा झालं. दुपारपर्यंत टेंगळ्या महापौर राहिला नाही, आणि उपमहापौर त्याच्या खुर्चीत बसला. त्यानं पहिल्याच भाषणात शहराला आणखी वर नेण्याचा शब्द दिला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथं तर घरंच फिरली. तलावाकाठच्या घरी गेला तर मेहुणा दारातून म्हणाला, "हे माझं घर आहे, माझ्या नावावर आहे, चुकीचं का बोलू?" टेकडीवर सासूनं दार लावून घेतलं. भावजय तिच्या भावाकडे राहिली, आणि मेहुण्याच्या घरात मेहुण्याची बहीणच राहणार, यात खोटं काय? चौकशी आता पैशांची सुरू झाली, आणि मेहुणा साक्षीदार झाला. पोलीस टेंगळ्याला हुडकायला लागले.

गिरणीला टाळं ठोकायला माणसं आली. नियमाप्रमाणे सील दाराला लावायचं. दार डांबराखाली होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला, मग दार जिथं असावं तिथं रस्त्यावर एक लाकडी खुंटी ठोकली, तिला सील लावलं आणि निघून गेले. खिडकीबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे गिरणी बंद झाली होती आणि मी दळत होते.

एका दुपारी खिडकीत दोन पाय आले. बूट नव्हते, पायमोजे होते, एकाला भोक. पाय चाचपडत शिडीवर टेकले आणि टेंगळ्या उतरला. हातात एक पिशवी.

"ताई, तू एक शब्द बोलली असतीस तर..." तो म्हणाला.

"एकच शब्द बोलले."

तो पोत्याला टेकून खाली बसला. "मी कुठे जाऊ आता?"

"इथं राहा."

"इथं राहायला बंदी आहे."

"कोणी घातली?"

त्यानं मान खाली घातली. मग रडायला लागला, हमसून हमसून, लहानपणी आपटल्यावर रडायचा तसा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मलाही रडू आवरेना. त्यानं शहर खाल्लं होतं, मला ठाऊक आहे. त्याला शिक्षा व्हायलाच हवी, हेही ठाऊक आहे. पण तो खाली आला होता.

पोलीस दोनदा आले. खिडकीत वाकून विचारलं, "इथं कोणी राहतं का?"

"कसं राहील?" मी खालून म्हटलं. "तळघर आहे. साक्ष दिलीये मी."

त्यांना ते पटलं. कायद्यानं इथं कोणी राहूच शकत नव्हतं, मग शोधायचं कशाला? त्यांनी सगळी घरं पालथी घातली, मेहुण्याचीसुद्धा.

आता तो गिरणीत काम करतो. आधी गडबड करायचा, हल्ली बरं दळतो. डबे ओळखतो, एकाचे गहू दुसऱ्याच्या डब्यात जात नाहीत. वर नवीन थर चढतोय. खिडकी अर्धी राहिली आहे. तीही गेली की काय करायचं, हे आम्ही दोघंही बोलत नाही.

काल निवृत्त मास्तर दळण घेऊन आले. त्यांना आता वाकवत नाही, म्हणून त्यांनी रस्त्यावर उभं राहूनच दोरी सोडली आणि हाक मारली, "खाली कोण आहे?"

मी पट्टा लावत होते, माझे हात गुंतलेले होते. टेंगळ्यानं मान वर केली.

"कोणी नाही, मास्तर," तो म्हणाला. "सोडा डबा."